आधी कान, मग नाव: इंग्रजी साहित्यातल्या संज्ञा शिकायच्या कशा

बारावीला कवितेचं ॲप्रिसिएशन म्हणजे रसग्रहण लिहायचं असो किंवा एफवायबीएला इंग्रजी साहित्य घेतलेलं असो, पहिली अडचण येते ती संज्ञांची. सिमिली, मेटाफर, मेटॉनमी, सिनेक्डकी, आयॅम्बिक पेंटामीटर. ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ या पट्ट्यात मराठी माध्यमातून कॉलेजात आलेली मुलं ही यादी मेहनतीने पाठ करतात. व्याख्या तोंडपाठ होतात, पण न शिकवलेली कविता समोर आली की त्यांतली एकही संज्ञा सापडत नाही. कारण साधं आहे. पाठ करताना क्रम असतो नाव, व्याख्या, उदाहरण. कविता वाचताना तो उलटा होतो. आधी कानाला काहीतरी लागतं किंवा डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहतं. ते काय आहे हे आपण शोधतो आणि नाव सगळ्यांत शेवटी देतो. म्हणून इथे सगळं त्याच क्रमाने घेतलं आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांच्या हातात एक मोठं भांडवल असतं. उपमा, रूपक, अनुप्रास, यमक, लघु-गुरू हे त्यांनी शाळेतच केलेलं असतं. त्यातलं बरंचसं इंग्रजीत जसंच्या तसं चालतं आणि काही सपशेल फसवतं. कुठे चालतं आणि कुठे फसवतं, हे एकदा कळलं की निम्मं काम झालं.

साहित्य फार लागत नाही. पेन्सिल, खोडरबर, कवितेची झेरॉक्स (दोन ओळींमध्ये खुणा करायला जागा राहील अशी मोठी करून घेतलेली) आणि उच्चार दाखवणारा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. शब्दकोशात उच्चाराआधी किंवा उच्चाराच्या मधे वरच्या बाजूला एक छोटी उभी रेघ असते. ती ज्या सिलॅबलच्या आधी असते, त्यावर मुख्य जोर येतो. तशीच रेघ खालच्या बाजूला असेल तर तो दुय्यम जोर. या रेघेकडे बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं, आणि पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

पहिली पायरी: सिलॅबल मोजणं

इंग्रजी ओळ देवनागरीत लिहून अक्षरं मोजू नका. सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. 'टायगर' देवनागरीत चार अक्षरांचा दिसतो, पण सिलॅबल दोनच: टाय, गर. 'समर' तीन अक्षरांचा दिसतो, सिलॅबल दोन. 'स्ट्रेंग्थ' लिहायला एवढा लांब, पण सिलॅबल एकच. सिलॅबल म्हणजे एका स्वराभोवती एका दमात उच्चारलेला तुकडा. तपासायचा सोपा उपाय: हनुवटीखाली तळहात धरा आणि शब्द सावकाश म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली येते तितके सिलॅबल.

दोन ठिकाणी जरा जपून. क्रियापदाच्या भूतकाळी शेपटाचा वेगळा सिलॅबल फक्त 'ट' किंवा 'ड' या ध्वनीनंतर होतो. 'वॉक्ड' एक सिलॅबल, 'वॉन्टेड' दोन. जुन्या कवितेत मात्र मोजणी जुळवण्यासाठी तो कधीकधी वेगळा उच्चारला जातो, आणि अनेक आवृत्त्यांत त्यावर एक छोटी खूण छापलेली असते. दुसरं, 'ओव्हर'चं 'ओअर', 'हेवन'चं 'हेव्न' अशी आटवलेली रूपं कवी मुद्दाम वापरतात. यातून एक सिलॅबल वाचतो. मोजणी एकाने चुकत असेल, तर आधी अशा शब्दांकडे बघा.

दुसरी पायरी: जोर कुठे आहे ते ऐकणं

इथे मराठीची सवय आड येते. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ भुजंगप्रयात आहे. लघु-गुरू-गुरू असा 'य' गण चार वेळा, एकूण बारा अक्षरं. अक्षर लघु की गुरू हे त्याच्या लेखनावरून ठरतं. ऱ्हस्व की दीर्घ, पुढे जोडाक्षर आहे का, एवढं पाहिलं की पुरे. ओळ कोणीही तपासली तरी उत्तर एकच येतं. इंग्रजी छंद मात्र काळाच्या लांबीवर उभा नाही, तो जोरावर म्हणजे स्ट्रेसवर उभा आहे. जोर लेखनावरून ओळखता येत नाही. एकाच स्पेलिंगचा 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या सिलॅबलवर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. म्हणून 'स्वर दीर्घ आहे, म्हणजे गुरू' हा हिशोब इंग्रजी ओळीवर लावला की हमखास चुकतो.

खुणांचाही एक घोळ आहे. मराठीत लघूसाठी अर्धवर्तुळ आणि गुरूसाठी आडवी रेघ करतात. इंग्रजीतही अर्धवर्तुळच वापरतात, पण तिथे त्याचा अर्थ 'जोर नसलेला' असा होतो. जोराच्या सिलॅबलवर तिरकी रेघ मारायची सवय लावा. आडवी रेघ मारली की मन पुन्हा लघु-गुरूकडे धावतं.

इंग्रजी छंदातल्या एका तुकड्याला फूट म्हणतात. आपल्या गणात नेहमी तीन अक्षरं असतात, फूटमध्ये दोन किंवा तीन सिलॅबल. सुरुवातीला चार प्रकार पुरतात, आणि ते तबल्याच्या बोलासारखे तोंडाने म्हणत शिकावेत. आयॅम्ब म्हणजे 'त-धा': जोर नसलेला, मग जोराचा, जसा 'अराइव्ह' या शब्दात. ट्रोकी म्हणजे 'धा-त', जसं 'स्टेशन'. ॲनापेस्ट म्हणजे 'त-त-धा', जसं 'इंजिनिअर' (या शब्दातला मुख्य जोर शेवटी आहे, आपण बोलताना तो पहिल्यावर टाकतो). डॅक्टिल म्हणजे 'धा-त-त', जसं 'पॅसेंजर'. दोन्हीकडे जोर असलेला स्पॉन्डी पुढे एका ओळीत भेटेलच.

ओळीत असे किती फूट आहेत त्यावरून दुसरं नाव ठरतं. चार असतील तर टेट्रामीटर, पाच असतील तर पेंटामीटर. आयॅम्बिक पेंटामीटर म्हणजे 'त-धा' पाच वेळा, एकूण दहा सिलॅबल. एवढंच.

एक कडवं नीट हातात घेऊ

थॉमस ग्रे याच्या 1751 साली प्रसिद्ध झालेल्या एलिजीचं (शोककवितेचं) पहिलं कडवं सरावासाठी फार चांगलं आहे. चार ओळींत बहुतेक सगळं सापडतं:

द कर्फ्यू टोल्स द नेल ऑव्ह पार्टिंग डे,
द लोइंग हर्ड वाइंड स्लोली ओअर द ली,
द प्लाउमन होमवर्ड प्लॉड्स हिज वीअरी वे,
अँड लीव्ह्ज द वर्ल्ड टू डार्कनेस अँड टू मी.

आधी अर्थ पक्का करा. इथला 'कर्फ्यू' म्हणजे दंगलीतली संचारबंदी नव्हे, तर संध्याकाळी वाजणारी गावची घंटा. 'नेल' म्हणजे कुणी गेल्यावर वाजवतात ती घंटा. 'ली' म्हणजे कुरण. घंटा वाजते, हंबरणारी गुरं कुरणातून वळणं घेत हळूहळू परततात, नांगऱ्या थकून पाय ओढत घरी जातो, आणि मागे उरतात काळोख आणि कवितेतला 'मी'.

आता पहिली ओळ मोजा: द, कर्, फ्यू, टोल्स, द, नेल, ऑव्ह, पार्, टिंग, डे. दहा. पुढचा क्रम असा ठेवा. एकापेक्षा जास्त सिलॅबलच्या शब्दांचा जोर शब्दकोशातून घ्या: 'कर्फ्यू'मध्ये पहिल्यावर, 'पार्टिंग'मध्ये पहिल्यावर. मग एका सिलॅबलच्या शब्दांकडे या. नाम, मुख्य क्रियापद, विशेषण यांवर सहसा जोर येतो: टोल्स, नेल, डे. 'द', 'ऑव्ह', 'टू', 'अँड' यांवर सहसा येत नाही. खुणा झाल्या की दोन-दोनचे तुकडे पाडा: द-कर्, फ्यू-टोल्स, द-नेल, ऑव्ह-पार्, टिंग-डे. पाचही ठिकाणी 'त-धा'. शुद्ध आयॅम्बिक पेंटामीटर.

तुकडे पाडताना 'कर्फ्यू' मधोमध चिरला गेला, याकडे लक्ष द्या. फूटची सीमा शब्दाच्या सीमेवर पडलीच पाहिजे असं नाही. नवखे शब्द तुटू नये म्हणून धडपडतात आणि सगळी मोजणी बिघडवतात.

दुसऱ्या ओळीत 'हर्ड वाइंड स्लो' असे तीन जड सिलॅबल लागोपाठ येतात. हिशोबाने 'वाइंड' जोर नसलेल्या जागी बसला आहे, पण तो मुख्य क्रियापद आहे, म्हणून त्याच्यावर जीभ रेंगाळते. जोर नसलेल्या जागी असा जड शब्द आला की त्या फूटमध्ये दोन्हीकडे भार पडतो. तोच स्पॉन्डी. गुरं हळू चालली आहेत आणि ओळही हळू झाली आहे. (हा शब्द 'वाइंड', म्हणजे वळणं घेणं. 'विंड' वाचलं की गुरांच्या जागी वारा येतो आणि अर्थच जातो.) चौथ्या ओळीत याच्या उलट. 'डार्कनेस अँड' मधला 'अँड' हिशोबाने जोराच्या जागी आहे, पण बोलताना हलकाच राहतो, त्यामुळे शेवटचा 'मी' उठून दिसतो. छंद नियमाप्रमाणे चालतो हे सांगणं सोपं आहे. खरी किंमत आहे ती तो कुठे अडखळतो किंवा वेग बदलतो ते दाखवण्याला, कारण कवीने तिथेच काहीतरी केलेलं असतं.

स्कॅन्शन, म्हणजे अशा खुणा करून तुकडे पाडणं, करताना ओळ गाऊ नका. पाठांतराच्या चालीत म्हटलं की प्रत्येक ओळ 'त-धा त-धा' वाटायला लागते. साध्या बोलण्याच्या सुरात म्हणा. हॅम्लेटच्या 'टू बी, ऑर नॉट टू बी, दॅट इज द क्वेश्चन' या ओळीत अकरा सिलॅबल आहेत. शेवटचा 'क्वेश्चन'मधला हलका सिलॅबल जास्तीचा. याला फेमिनाइन एंडिंग म्हणतात. मोजणी अकरा आली म्हणून तुमचं चुकलं असं लगेच समजू नका. विल्यम ब्लेकच्या 1794 सालच्या 'टायगर टायगर, बर्निंग ब्राइट' या ओळीत सातच सिलॅबल आहेत: चार ट्रोकी, पण शेवटचा अर्धा कापलेला. असा शेवट तोडला की त्याला कॅटलेक्टिक म्हणतात. हा शब्द आठवला नाही तर 'शेवटचा हलका सिलॅबल गाळला आहे' असं सरळ लिहा, चालतं.

यमक: डोळ्याने नाही, कानाने

ग्रेच्या कडव्यात डे-वे, ली-मी जुळतात. पहिल्या ध्वनीला ए, नव्या ध्वनीला बी, असं लिहीत गेलं की ए बी ए बी मिळतं. यालाच ऱ्हाइम स्कीम म्हणतात. अक्षरं कवितेभर पुढे चालू ठेवायची, प्रत्येक कडव्याला पुन्हा ए पासून सुरुवात करायची नाही. रॉबर्ट फ्रॉस्टच्या 1923 सालच्या बर्फातल्या संध्याकाळच्या प्रसिद्ध कवितेत हेच महत्त्वाचं ठरतं. पहिल्या कडव्याची स्कीम ए ए बी ए, दुसऱ्याची बी बी सी बी, तिसऱ्याची सी सी डी सी, चौथ्याची डी डी डी डी. प्रत्येक कडव्यातली न जुळलेली ओळ पुढच्या कडव्याचं यमक ठरवते, आणि शेवटी ही साखळी थांबते. दर कडव्याला ए पासून मोजलं तर ही गुंफण दिसतच नाही.

स्पेलिंगवर विसंबू नका. त्याच कवितेत 'नो', 'दो', 'स्नो' हे पक्कं यमक आहे, पण 'दो'च्या स्पेलिंगचं शेपूट बाकी दोघांपेक्षा वेगळं. उलट 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांचं शेपूट कागदावर सारखं, पण आज ऐकायला वेगळं. याला आय ऱ्हाइम म्हणतात. शेक्सपिअरच्या काळातले काही उच्चार आजच्यापेक्षा वेगळे होते, त्यामुळे त्याच्या कवितेत अशी जोडी दिसली तर 'कवीने यमक चुकवलं' असं लिहू नका.

अनुप्रासाचंही असंच. मराठीत एकाच वर्णाची पुनरावृत्ती झाली की अनुप्रास म्हणून मोकळं होता येतं. इंग्रजीत त्याचे तीन वाटे होतात. शब्दांच्या सुरुवातीचा व्यंजनध्वनी पुन्हा आला तर ॲलिटरेशन (प्लाउमन-प्लॉड्स, वीअरी-वे), आतला स्वर पुन्हा आला तर ॲसोनन्स, स्वर बदलूनही मधले-शेवटचे व्यंजनध्वनी पुन्हा आले तर कॉन्सोनन्स. निकष ध्वनीचा, अक्षराचा नाही. 'नाइट' म्हणजे शिलेदार, त्याच्या स्पेलिंगची सुरुवात 'के'ने होते, म्हणून 'किंग'शी त्याचं ॲलिटरेशन होत नाही. 'फोन' आणि 'फॅन' यांची स्पेलिंग वेगळ्या अक्षरांनी सुरू होतात, तरी होतं.

अलंकारांच्या जोड्या

एकेक संज्ञा सुटी शिकू नका, जिच्याशी गल्लत होते तिच्या जोडीने शिका. पहिल्या वर्षाला चाळीसेक संज्ञा पुरेशा आहेत, पण त्या जोडीने आल्या पाहिजेत.

सिमिली आणि मेटाफर म्हणजे उपमा आणि रूपक, इतपत ठीक. पण मराठीतली उत्प्रेक्षा, म्हणजे 'जणू', 'वाटे', 'भासे' वाली, तिला इंग्रजीत वेगळा कप्पा नाही. 'ॲज इफ', 'ॲज दो' असे शब्द असतील तर ती सिमिलीतच जाते. शिवाय 'लाइक' दिसला की सिमिली, असंही नाही. 'आज ठाणं पनवेलइतकंच तापलंय' ही साधी तुलना झाली, कारण दोन्ही शहरंच. सिमिलीत तुलना वेगळ्या जातीच्या गोष्टींची असते. मेटाफर तर अनेकदा एका शब्दात दडलेला असतो. ग्रेच्या पहिल्या ओळीत 'दिवस म्हणजे मरणारा माणूस' असं कुठेच म्हटलेलं नाही. फक्त 'नेल' हा शब्द आहे. मृत्यूची घंटा दिवसासाठी वाजते म्हणजे दिवस मरतो आहे. अशा दडलेल्या रूपकाला इम्प्लाइड मेटाफर म्हणतात आणि उत्तरपत्रिकेत तो पकडणारा विद्यार्थी लगेच उठून दिसतो.

'वीअरी वे' पुन्हा बघा. वाट दमत नाही, नांगऱ्या दमतो. माणसाचं विशेषण वाटेला लावलं आहे. हा ट्रान्सफर्ड एपिथेट. याला पर्सॉनिफिकेशन म्हणणं ही बारावीच्या पेपरातली नेहमीची चूक. परीक्षा अशी करा: विशेषण काढून जवळच्या माणसाला लावून बघा. अर्थ नीट बसला तर ट्रान्सफर्ड एपिथेट. वस्तू स्वतःच माणसासारखं काही करत असेल तर पर्सॉनिफिकेशन. वस्तूला किंवा गैरहजर व्यक्तीला थेट हाक मारली असेल तर ॲपॉस्ट्रॉफी. 'हे वाऱ्या' म्हटलं की ॲपॉस्ट्रॉफी, 'वारा रडला' म्हटलं की पर्सॉनिफिकेशन. एकाच ओळीत दोन्ही असू शकतात, तेव्हा दोन्ही लिहा.

मेटॉनमी आणि सिनेक्डकी या जोडीला सगळे घाबरतात. मराठी व्याकरणाच्या अलंकारांच्या धड्यात त्या सापडत नाहीत म्हणून त्या परक्या वाटतात. त्या आहेत शब्दशक्तीच्या धड्यात, लक्षणेखाली. 'बाबा ताटावर बसले', 'आम्ही बाजरी खातो' ही उदाहरणं तुम्ही केलेली आहेत. 'मंत्रालयाने आदेश काढला' यात इमारतीचं नाव घेऊन सरकार सांगितलं, ही मेटॉनमी: एका गोष्टीशी निगडित दुसरीचं नाव घेणं. 'घरात खाणारी पाच तोंडं आहेत' यात शरीराच्या भागावरून अख्खा माणूस सांगितला, ही सिनेक्डकी: भागावरून पूर्ण किंवा पूर्णावरून भाग. 'तो तिचा भाग आहे का?' एवढा एकच प्रश्न विचारा. भाग असेल तर सिनेक्डकी, नुसता संबंध असेल तर मेटॉनमी.

ऑक्सिमोरॉन म्हणजे दोन विरुद्ध शब्द शेजारी-शेजारी, रोमिओच्या तोंडच्या 'लव्हिंग हेट'सारखे. पॅराडॉक्समध्ये पूर्ण विधानच वरवर विसंगत असतं आणि विचार केला की खरं ठरतं, म्हणजे आपला विरोधाभास. श्लेष म्हणजे पन. रोमिओचा जखमी मित्र मर्क्युशिओ म्हणतो की उद्या मला शोधाल तर मी 'ग्रेव्ह मॅन' असेन. 'ग्रेव्ह' म्हणजे गंभीर, आणि थडगंही.

आयरनीला जरा वेळ द्या, कारण 'उपरोध' एवढ्याने ती भागत नाही. शेक्सपिअरच्या 'ज्यूलियस सीझर'मध्ये अँटनी पुन्हा पुन्हा ब्रूटसला 'ऑनरेबल मॅन' म्हणतो आणि अर्थ उलटा पोचवतो, ही व्हर्बल आयरनी. आपली व्याजस्तुती हिच्याच जवळची. शेलीच्या 'ऑझिमँडियस'मध्ये 'माझी कामं पाहा आणि हताश व्हा' असं कोरलेलं आहे आणि भोवती नुसती वाळू आहे, ही सिच्युएशनल आयरनी. ज्यूलिएट जिवंत आहे हे प्रेक्षकांना माहीत असतं, रोमिओला नसतं, ही ड्रॅमॅटिक आयरनी. कुठली आयरनी हे सांगितल्याशिवाय नुसती 'आयरनी' लिहू नका.

लोकलमधली एक कविता

छंद आणि यमक दोन्ही नसलेल्या कवितेत काय शोधायचं? युवकभारती या पाठ्यपुस्तकामुळे अनेकांच्या ओळखीची झालेली दिलीप चित्रे यांची 'फादर रिटर्निंग होम' घ्या. संध्याकाळच्या उशिराच्या गाडीतून उभ्याने घरी येणारा बाप, पिवळा उजेड, मुके प्रवासी. ठाण्यात उतरणाऱ्या कोणालाही हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही, म्हणूनच इथे धोका आहे. विषय ओळखीचा असला की आपण विषयावरच लिहीत बसतो आणि भाषेकडे पाहत नाही.

'सबर्ब्ज स्लाइड पास्ट' पासून 'शर्ट', 'सॉगी', 'स्टेन्ड', 'स्टफ्ड' असे स-शचे ध्वनी सरकत राहतात. याला सिबिलन्स म्हणतात. काळा रेनकोट एका ओळीच्या टोकाला आणि 'चिखलाने माखलेला' पुढच्या ओळीत. वाक्य विराम न घेता ओळ ओलांडतं, हे एन्जॅम्बमेंट. ओळीच्या शेवटीच वाक्य किंवा वाक्यांश थांबला तर एंड-स्टॉप्ड, ओळीच्या पोटात मोठा विराम आला तर सिझ्युरा. आणि मग ती सिमिली: गाडीतून उतरणारा बाप 'लाइक अ वर्ड ड्रॉप्ड फ्रॉम अ लाँग सेंटेन्स'. लांबलचक वाक्यातून एक शब्द गळावा तसा. इथे विचार करा. वाक्य कोण? गाडी, गर्दी, शहर. शब्द गळला तरी वाक्य थांबत नाही, पुढे जातं. त्या गर्दीला या माणसाची उणीव भासत नाही. त्याचा एकटेपणा एवढ्या एका तुलनेत आला आहे. हे शेवटचं वाक्य म्हणजे खरं उत्तर. 'सिमिली' हा शब्द त्याचा फक्त मथळा.

ही कविता फ्री व्हर्स आहे, म्हणजे मुक्तछंद. ब्लँक व्हर्स वेगळं. त्यात यमक नसतं, पण आयॅम्बिक पेंटामीटर पक्का असतो. मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट' (1667) आणि शेक्सपिअरच्या नाटकांतला मोठा भाग ब्लँक व्हर्समध्ये आहे. यमक दिसलं नाही की घाईने फ्री व्हर्स लिहू नका. आधी दोन-तीन ओळींचे सिलॅबल मोजा. दहाच्या आसपास स्थिर असतील तर ब्लँक व्हर्सची शक्यता मोठी.

काव्यप्रकारांबद्दल थोडक्यात. सॉनेट म्हणजे केशवसुतांनी मराठीत आणलेलं सुनीत, चौदा ओळींचं. शेक्सपिअरच्या पद्धतीत चार-चार-चार-दोन, ए बी ए बी सी डी सी डी ई एफ ई एफ जी जी. पेट्रार्कच्या पद्धतीत आठ आणि सहा, पहिल्या आठ ओळी ए बी बी ए ए बी बी ए. विचाराचं वळण, म्हणजे व्होल्टा, पेट्रार्कच्या पद्धतीत बहुधा नवव्या ओळीवर येतं, शेक्सपिअरकडे पुष्कळदा शेवटच्या दोन ओळींत. बॅलड म्हणजे कथा सांगणारं, बहुधा चार ओळींच्या कडव्यांचं गीत. एलिजी शोकाची. ओड गंभीर आणि संबोधनपर. ड्रॅमॅटिक मोनोलॉगमध्ये एकच पात्र बोलतं, ऐकणारा हजर असतो पण गप्प, आणि बोलणारा नकळत स्वतःला उघडं पाडतो.

गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटकं पाहिली असतील तर नाटकाच्या संज्ञा लवकर बसतात. पात्र रंगमंचावर एकटं असताना मनातलं बोलतं ते सॉलिलॉक्वी, म्हणजे स्वगत. बाकीची पात्रं हजर असताना, त्यांना ऐकू जात नाही असं धरून, प्रेक्षकांकडे वळून टाकलेलं वाक्य म्हणजे असाइड. कादंबरीत सगळ्यांत आधी विचारायचं: कोण सांगतंय, आणि त्याला किती माहीत आहे? निवेदक 'मी' असेल तर फर्स्ट पर्सन, बाहेरचा असून सगळ्यांच्या मनात शिरत असेल तर ऑम्निशंट. लेखक आणि निवेदक एक समजू नका. कवितेतही 'द पोएट सेज' ऐवजी 'द स्पीकर सेज' लिहिण्याची सवय लावा. गोष्ट आणि प्लॉट यांतला फरक ई. एम. फॉर्स्टर याने 1927 साली सोप्या उदाहरणाने सांगितला: राजा मेला आणि मग राणी मेली ही गोष्ट, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली हा प्लॉट. कारण जोडलं गेलं की प्लॉट होतो.

वही आणि सराव

प्रत्येक संज्ञेला वहीत अर्धं पान द्या. वर इंग्रजी स्पेलिंग, खाली स्वतःच्या मराठी वाक्यात अर्थ, मग तुम्ही स्वतः कवितेत शोधलेली एक ओळ (गाइडमधली नको), ती ओळ तिथे काय करते ते एका वाक्यात, आणि शेवटी 'कशाशी गल्लत होते' ते. स्पेलिंगकडे खास लक्ष द्या. सिमिलीतला पहिला 'आय' राहिला की 'स्माइल' होतं, आणि दर वर्षी कितीतरी उत्तरपत्रिकांत ते होतं.

संदर्भासाठी एम. एच. एब्रॅम्स यांची ग्लॉसरी बहुतेक कॉलेजांच्या लायब्ररीत असते. तिच्यात पुष्कळ संज्ञा मोठ्या नोंदींच्या पोटात दडलेल्या आहेत. आयॅम्ब स्वतंत्र सापडत नाही, मीटरच्या नोंदीत सापडतो. म्हणून आधी मागची सूची बघा. मराठी छंद आणि अलंकार पुन्हा पक्के करायचे असतील तर ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, 1893 पासूनचं. तिथून छंदशास्त्राचं एखादं पुस्तक घेऊन भुजंगप्रयात आणि आयॅम्बिक पेंटामीटर शेजारी-शेजारी मांडून बघा. फरक एकदा हाताने लिहिला की विसरत नाही.

रोज चार ओळी पुरेत, त्याहून जास्त नको. ट्रान्स-हार्बरने ठाणे ते वाशी जाताना उभ्याने पेन्सिल चालत नाही, पण सिलॅबल बोटांवर मोजता येतात. दहा बोटं, दहा सिलॅबल. जोराच्या खुणा घरी मोठ्याने वाचताना करा.

परीक्षेत न शिकवलेली कविता आली तर क्रम असा. पहिल्या वाचनात खूण करू नका, फक्त कोण बोलतंय, कोणाशी आणि कुठे, हे बघा. दुसऱ्या वाचनात जिथे थांबावंसं वाटलं, जिथे आवाज बदलला, जिथे विचित्र शब्द आला, तिथे खूण करा. अशा खुणा चार-पाचच असू द्या. मग त्यांतल्या तीन निवडा आणि प्रत्येकीवर चार गोष्टी लिहा: कवीचे नेमके शब्द अवतरणात, संज्ञेचं नाव, कशाची कशाशी तुलना किंवा काय वेगळं केलं आहे, आणि त्याने अर्थात काय भर पडली. 'द पोएट हॅज यूज्ड सिमिली अँड इट मेक्स द पोएम ब्यूटिफुल' या वाक्याला गुण मिळत नाहीत, कारण ते कुठल्याही कवितेखाली लिहिता येतं. एखादं नाव आठवत नसेल तर अडून बसू नका. कवीने काय केलं आहे ते साध्या इंग्रजीत लिहा आणि नावासाठी जागा सोडून पुढे जा. पाच मिनिटं राखून त्या जागेकडे परत या. तोवर बहुतेकदा नाव आठवलेलं असतं, आणि नाही आठवलं तरी उरलेल्या तीन गोष्टींचे गुण तुमचेच.